मयताची अक्षरं

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिला माझी सगळी कुलंगडी माहीत असतात त्या मैत्रिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या समोर येऊन विचारलंत तर मी सरळ नाही म्हणेन — तोंडावर नाही म्हणणं मला चांगलं जमतं. किती चांगलं, ते पुढे कळेलच.

आधी अक्षरांविषयी सांगते. तुम्ही म्हणाल, ही मूळ गोष्ट सोडून गावभर फिरतेय. फिरतेय खरी — पण अक्षरं नीट पाहिल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

माझ्या वडिलांचा महाडला छापखाना होता, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मोठ्या मथळ्यांसाठी त्यांच्याकडे लाकडी ठसे होते, त्यांच्याही वडिलांच्या वेळचे. काय अक्षरं होती ती! शिरोरेषा तुळईसारखी जाड. प्रत्येक दांड्याच्या तळाशी एक चौकोनी ओटा, की अक्षराला कुणी ढकललं तरी हलू नये. इंग्रजीत असल्या जाड पायांच्या अक्षरांची मोठमोठी घराणी आहेत. आपल्याकडे कुणा कारागिराला ती बघून हौस आली असेल आणि त्यानं देवनागरीच्या पायांत तसले जोडे घातले असतील. ‘द’चं पोट, ‘ठ’चा गोल, सगळं गच्च भरलेलं. हे अक्षर लांबून वाचायचं. बारीक आकारात छापलं तर शाई आत साचते आणि नुसता काळा गोळा दिसतो. आणि त्याला हळू बोलता येत नाही. ‘या’ असं एकच अक्षर लिहिलं तरी ते दरडावल्यासारखं वाटतं.

एकेकाळी त्यात सगळं छापलं जाई — जत्रा, नाटकं, बैलगाड्यांच्या शर्यती, निवडणुका. मग रंगीत फ्लेक्स आले आणि आनंदाची सगळी कामं तिकडे पळाली. बाबांकडे उरली ती मयताची कार्डं. काळी चौकट, वर ‘दुःखद निधन’, खाली गेलेल्या माणसाचं नाव, सगळं त्याच लाकडी अक्षरात. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर वर्षानुवर्षं तीच कार्डं गेली. आमच्याकडे असं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचलं की उंबऱ्याबाहेर फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांनाही ती अक्षरं लांबून ओळखू येत. काळं, जाड, पायाला ओटे — म्हणजे कुणीतरी गेलं. कोण, ते वाचणाऱ्याला विचारायचं.

बाबा गेले तेव्हा त्यांचंही कार्ड त्याच ठशांत छापलं. पुढे पुराचं पाणी छापखान्यात शिरलं, ते उतरल्यावर मी चिखलातून एकेक अक्षर वेचलं, दात घासायच्या ब्रशनं धुतलं, गच्चीवर वाळवलं. काही ठसे चिरले होते. चिरांसकट छाप काढले, स्कॅन केले आणि कॉम्प्युटरवर त्यांचा फॉन्ट केला. त्याचं नाव ठेवलं ‘ओटा’. दोन वर्षं त्यात गेली. मान कायमची धरली, गळ्याला पट्टा आला. पण पुण्या-मुंबईच्या लोकांना ‘ओटा’ आवडला. त्यांना सध्या सगळं जुनं दिसणारं हवं असतं ना? कॅफेची पाटी, मसाल्याचं पाकीट, हायवेवरचं रिसॉर्ट. कुणी म्हणालं, या अक्षरात मातीचा ऊबदारपणा आहे. मी मान डोलावली. मातीचा होताच — पुराचाच होता.

आता सासूबाई.

त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या एका वाडीत. म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी. शाळा कधी पाहिली नाही. मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत, जेवणाखाण्यावरून टोमणा नाही, हे आधी कबूल करते. भांडण असलंच तर एकच होतं, आणि ते अक्षरांवरून. पुण्याच्या काही मंडळींनी मला ‘स्वागत’ हा शब्द माझ्या फॉन्टमध्ये छापून, फ्रेम करून पाठवला. मी तो पुढच्या खोलीत लावला. संध्याकाळी बघते तर फ्रेम भिंतीकडे तोंड करून. मी सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. “आई, त्यावर स्वागत लिहिलंय हो,” म्हटलं. तर म्हणाल्या, “लिवलं आसंल गो. पन आक्षरं मयताची हायत. घरात नको.”

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण एकदा ती पुण्याची मंडळी घरी आली, माझं काम पाहायला. मी टेबलावर लाकडी ठसे मांडले होते, काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सासूबाई चहा घेऊन आल्या, ठसे बघून दारातच थबकल्या आणि पदरानं तोंड झाकून म्हणाल्या, “ह्यो पसारा आवर गो, पावन्यांसमोर मयताचं कशाला?” झालं! मंडळी खूश. त्यांना खाली बसवलं, विचारलं, भीती कशी वाटते, पहिलं कार्ड कधी पाहिलं. मोबाइल काढून चित्रण केलं. सासूबाई हात हलवून सांगतायत आणि माझी दोन वर्षं टेबलावर पडून आहेत, तिकडे कुणाची नजरही नाही. मी चहाचे कप उचलत होते. त्या दिवशी माझ्या मनात जे शिरलं ते नंतर निघालं नाही.

असूया — सासू-सुनेची नेहमीची कुरबुर नव्हे, निव्वळ असूया, एका निरक्षर बाईची! सांगताना लाज वाटते का? वाटते. पण तेव्हा वाटली नाही.

सासूबाईंचा एकच भाऊ, थोरला. त्यांचा जीव त्या भावात. या भावाच्या नातवाचं, नीलेशचं लग्न ठरलं. नीलेश मुंबईला मॉलमध्ये कामाला, तो पत्रिका छापायला माझ्याकडे आला. माझ्या मोबाइलवर नमुने पाहिले आणि त्याला नेमका ‘ओटा’ आवडला. “काकी, हा एकदम विंटेज वाटतो, हाच टाका.” मुंबईत वाढलेला पोरगा, त्याला काय माहीत! मला माहीत होतं. डोंगरात ही पत्रिका कुणी घरात घेणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी म्हटलं, नमुना काढते, घरी दाखव. जाता जाता तो म्हणाला, उद्या दुपारी वाडीवरच्या घरी हळद दळायला बसणार आहेत, पाच सवाष्णी बोलावल्या आहेत. आत्येआजीला — म्हणजे माझ्या सासूबाईंना — आमंत्रण द्यायला आजोबा स्वतः अक्षता घेऊन येणार होते, म्हणून तुम्ही आत्ताच काही बोलू नका, असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्रिकेचा नमुना काढला. साध्या कागदावर, काळ्या शाईत. ना गणपती, ना कुंकवाचं बोट. प्रिंटरच्या तोंडाशी तो कागद पडलेला, आणि सासूबाई माझा चहा घेऊन आल्या.

त्यांनी कागद पाहिला. कप खाली ठेवला. तो नीट ठेवला, सांडला नाही, हे मला आठवतं.

“कोन गेलं गो?”

त्या क्षणी एक शब्द पुरे होता. लग्न! दोन अक्षरं. मी बोलले नाही, कारण मला बघायचं होतं — आणि हे मी माझ्याशीसुद्धा पहिल्यांदाच इतकं स्पष्ट म्हणतेय — मला बघायचं होतं, ती भीती खरी आहे की पुण्याच्या लोकांसमोरचं नाटक.

त्या जवळ आल्या. म्हणाल्या, “माज्या माहेरचं हाय? दादा?”

आणि मी मान हलवली. होय, अशी.

खरी होती भीती. सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या. मग उठल्या, कागद उचलला, दाराबाहेर नेऊन फाडला. मोरीत जाऊन नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर थंड पाणी ओतून घेतलं. मी ते ऐकत होते, तांब्यामागून तांब्या. नवरा, संतोष, एमआयडीसीत दिवसपाळीला गेला होता. त्यांच्या कंपनीत केमिकलमुळे मोबाइल गेटवर जमा करतात, त्यामुळे त्याला फोन लागणार नव्हता. हेही मी त्या वेळी मनात मोजलं, उगाच का खोटं बोलू.

ओले केस तसेच बांधून त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, “मी म्होरं व्हते. संतोष आला की त्याला धाड. तू घर सोडू नको.” मला वाटलं होतं — काय वाटलं होतं? त्या रडतील, मी थोडा वेळ बघेन, मग सांगेन, अहो आई, लग्नाचं आहे ते, आणि दोघी हसू? तसं वाटलं असतं तर मी दारात अडवलं असतं. मी अडवलं नाही. एसटी स्टँड आमच्यापासून चालत जवळ आहे. पोलादपूरची गाडी लगेच नसते. मला वेळ होता. चप्पल घालून धावले असते तर गाठलं असतं. मी खुर्चीत बसून ‘र’ आणि ‘ा’ यांच्यामधलं अंतर कमी-जास्त करत राहिले. चहाही प्यायले.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. पण इतक्यांकडून ऐकलं की आता पाहिल्यासारखंच झालंय.

पोलादपूरला उतरून त्यांनी जीप धरली. जीपमध्ये कुणाशी बोलल्या नाहीत, डोक्यावरून पदर ओढून बसल्या. वाडीच्या खालच्या वळणाला उतरल्या आणि तिथूनच हंबरडा फोडला, रीतच आहे तशी. माहेरवाशीण मयताला येते ती वाडीच्या बाहेरूनच रडत येते. वर घरात जात्याला आंब्याची डहाळी बांधलेली, सवाष्णी हळद दळतायत, ओव्या चालू. खालून रडणं चढत चढत वर आलं. बायकांचे हात थांबले. लग्नाची हळद दळताना जातं मध्येच थांबू नये म्हणतात, ते थांबलं. “माज्या दादा रं, मला न सांगता गेलास रं” असं म्हणत त्या अंगणात शिरल्या.

मामा, म्हणजे सासूबाईंचे हे दादा, गोठ्यात होते. शेणानं भरलेले हात घेऊन बाहेर आले. बहीण ओल्या केसांनी ऊर बडवतेय हे पाहून घाबरले आणि विचारलं, “कोन गेलं गो बाय?”

सासूबाईंनी वर पाहिलं.

तिथे कुणी हसलं, कुणी ओरडलं, नवरदेवाच्या आईनं हळदीची परडी आत नेली. जिवंत माणसाच्या नावानं अंघोळ, आणि तीही लग्नघरात, हळदीच्या दिवशी! मामा मात्र मोठ्या मनाचे. म्हणाले, “बरंच झालं, माजं आयुक्ष वाडलं,” आणि स्वतः जीप करून बहिणीला घेऊन महाडला आले. संतोषची पाळी सुटली होती. सगळे पुढच्या खोलीत बसले आणि मला विचारलं, काय झालं?

मी म्हटलं, मी कुठे काय बोलले? आईंनी कागद पाहिला आणि फाडला. मला वाटलं, नेहमीसारखा राग आला अक्षरांचा. मग कुठे गेल्या ते मला काय माहीत?

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. “तू मान हलवलीस गो,” एवढंच म्हणाल्या, हळू.

मी गळ्याच्या पट्ट्यावर हात ठेवला. म्हटलं, “आई, दिवसभर काम करून माझी मान आखडते. मी मोकळी करत असेन.” आणि वर हसले. संतोषही हसला. मामा हसले. मग — यावर माझा अजून विश्वास बसत नाही — सासूबाईही हसल्या. “आसंल बाबा. मीच अडानी. मला तसं दिसलं आसंल.” स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी तिथल्या तिथे खोटं ठरवलं, सुनेवर खोटारडेपणाचा आळ यायला नको म्हणून की खरंच पटलं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

पत्रिका मग दुसऱ्याच गोलसर अक्षरात छापली, गणपती घालून, लाल शाईत. लग्न झालं. मांडवात सासूबाई मागे बसल्या होत्या, कुणी पुढे बोलावलं नाही. ओवाळायचा मान घरच्या थोरल्या आत्येचा, तर दुसरीच कुणी उभी केली. मी पंगतीत तो किस्सा दोघींना रंगवून सांगितला.

आणि पावसाळा संपता संपता मामा गेले. गवत कापायला डोंगरावर गेले होते, तिथेच छातीत कळ आली.

वाडीवरून आम्हाला निरोप नव्हता. दूध घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याकडून कळलं. त्यानंच सांगितलं, घरातल्या सुना म्हणतायत, आत्येनं जित्या माणसाच्या नावानं अंघोळ केली, तेव्हाच नेलं तिनं त्यांना. संतोष चिडला, म्हणाला, आई, चल, मी नेतो, बघू कोण अडवतं. सासूबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, “येकदा रडून आले ना. आता कंच्या तोंडानं जाऊ?” अंघोळीलाही गेल्या नाहीत. झाली होती ना, आधीच.

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा तरी! त्यांची चूक नाही, मी होय म्हटलं होतं — इतकं एक वाक्य वाडीवर पोचलं असतं, तर त्यांना भावाच्या पायाशी बसता आलं असतं. शिव्या मला पडल्या असत्या, माहेर त्यांचं राहिलं असतं. संतोष माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, “वैशाली, तू सांग ना आईला, चल म्हणून.” मी म्हटलं, “त्यांना नको वाटतंय तर जबरदस्ती कशाला.”

अजून थोडं उरलंय, तेही घ्या. त्याच वर्षी पुण्यात अक्षरं बनवणाऱ्यांच्या एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. ‘ओटा’चा स्वभाव आणि उपयोग. मी सांगितलं की हे अक्षर मजकुराला चालत नाही, मथळ्याला चालतं. पाटीला, पोस्टरला, पाकिटाला शोभतं, आणि दोन-चार शब्दांच्या पुढे नेलं तर अंगावर येतं. मग म्हटलं, अक्षराची ताकद काय असते ऐका, आणि सासूबाईंची गोष्ट सांगितली. कागद, अंघोळ, हंबरडा, गोठ्यातून आलेला भाऊ. मान तेवढी गाळली. भाऊ नंतर गेला तेही गाळलं, कारण हसू आलं नसतं. काय टाळ्या पडल्या! नंतर एकानं येऊन विचारलं, त्या आजी आहेत का हो अजून, भेटता येईल का. मी म्हटलं, त्या कुणाला भेटत नाहीत.

हे खरं होतं. माहेरचं कुणी येत नाही, त्याही कुठे जात नाहीत. गुडघे गेलेत. दुपारी मी कामाला बसले की त्या दाराशी येऊन बसतात, मी काय करतेय ते बघत. माझ्या अक्षरांना आता त्या काही म्हणत नाहीत. हे मी जे लिहितेय तेही तिथूनच बघतायत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी कॉम्प्युटरचा पडदा झाकायची तसदी घेतलेली नाही.

अधूनमधून एकच विचारतात. आज दुपारीही विचारलं. “वैशे, माज्यामुळंच गेला ना गो दादा?”

नाही म्हणायला मला किती चांगलं जमतं! इथे जमत नाही. मी म्हटलं, “आई, झालं ते झालं. माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. “तू हायस म्हनून गो,” म्हणाल्या, “दुसरी आसती तर माजं तोंड बगितलं नसतं.” कपाळ गरम लागत होतं. मी हात काढून घेतले नाहीत.